भट्टीतून निघालेल्या स्कॅफोल्डला तडे: दोष कुठे शिरला ते कसं शोधायचं

स्कॅफोल्ड म्हणजे हाडाला वाढायला आधार देणारा सिरॅमिकचा सच्छिद्र सांगाडा. प्रिंटरवरून उतरवला तेव्हा जाळी सुबक होती, काड्या सरळ होत्या, छिद्रं मोकळी होती. भट्टीतून काढला तर कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा गेलेला, नाहीतर खालचे दोन थर सुटून आलेले. मग भट्टीचा वेग आणखी कमी करायचा, पुन्हा प्रिंट करायचं, आणि पुन्हा तडा. कॅल्शियम फॉस्फेटचे सच्छिद्र स्कॅफोल्ड करणाऱ्या बहुतेक लॅबमध्ये हे चक्र कधी ना कधी चालू असतं. एमटेकच्या मुलांचे अख्खे सेमिस्टर यात जातात, आणि शेवटी प्रबंधात 'सिंटरिंगदरम्यान काही नमुने भंगले' एवढं एक वाक्य उरतं.

माझं म्हणणं सरळ आहे. तडा भट्टीनंतर दिसला म्हणून भट्टीलाच दोषी धरू नका. बहुतेक तडे वाळवणीत किंवा त्याच्याही आधी पडलेले असतात. कच्च्या, म्हणजे न भाजलेल्या नमुन्यात ते केसाएवढे बारीक असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. सिंटरिंगमध्ये, म्हणजे भट्टीत कण एकमेकांना जुळून घट्ट होताना, नमुना आकसतो तेव्हा तेच तोंड उघडतात. त्यामुळे भट्टीचा प्रोग्रॅम बदलण्याआधी तडा नीट वाचायला शिकलं पाहिजे. त्यावर बऱ्याच गोष्टी लिहिलेल्या असतात.

हे सगळं रोबोकास्टिंगबद्दल आहे, म्हणजे सिरिंजमधून दाट इंक दाबून काड्यांची जाळी थरावर थर रचण्याच्या पद्धतीबद्दल. न्यू मेक्सिकोतल्या सँडिया नॅशनल लॅबोरेटरीजमध्ये जोसेफ सेसारानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ती उभी केली. साहित्य म्हणजे हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट किंवा बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, पुढे नुसतं एचए आणि टीसीपी म्हणतो. राळेत पावडर मिसळून प्रकाशाने थर घट्ट करणाऱ्या डीएलपी पद्धतीचं दुखणं थोडं वेगळं आहे, त्यावर मध्ये थोडक्यात लिहिलं आहे.

आधी भिंग, मग भट्टी

तडकलेला नमुना टाकून देऊ नका. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली ठेवा, उजेड बाजूने आडवा पाडा. तिरप्या उजेडात तड्याची सावली पडते आणि वरून पाहताना न दिसलेले तडेही उठून दिसतात.

पहिल्यांदा तड्याच्या कडा पाहा. कडा गोलसर, मऊ, जणू वितळून गुळगुळीत झाल्यासारख्या दिसत असतील तर तो तडा सिंटरिंगच्या आधीपासून होता. उच्च तापमानाला पदार्थ पृष्ठभागावरून सरकतो आणि धारदार कडा बोथट होतात. कडा काचेसारख्या धारदार असतील, आणि दोन्ही बाजू एकमेकींत तंतोतंत बसत असतील, तर तडा थंड होताना किंवा त्यानंतर पडला. जमल्यास तड्याच्या जागी नमुना मोडून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघा. गोलसर कडेच्या तड्याचा आतला पृष्ठभाग काडीच्या बाहेरच्या पृष्ठभागासारखाच दिसतो, तिथेही दाणे मोकळेपणी वाढलेले असतात. नवीन तड्याच्या आत दाणे मधोमध चिरलेले दिसतात. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे तर्क बाद होतात.

मग तड्याची दिशा. थरांना समांतर, आडवा तडा असेल तर दोन थरांची गाठ कच्ची राहिली. काड्यांना आडवा छेदणारा आणि तळाकडे रुंद होत गेलेला तडा असेल तर तळ कुठेतरी चिकटून बसला होता आणि बाकीचं अंग आकसलं. आतून फुगून फुटल्यासारखा, फोड आल्यासारखा तडा म्हणजे बाइंडर (इंकमधला सेंद्रिय चिकटवणारा पदार्थ) जळताना वायू कोंडला. प्रत्येक काडीवर बारीक नकाशासारखं जाळं पसरलेलं असेल तर पावडर किंवा वाळवणी, आणि साहित्य टीसीपी असेल तर प्रावस्था बदल (तापमानामुळे स्फटिकरूप बदलणं). भट्टीतून चांगला निघालेला नमुना डबीत ठेवल्यावर काही दिवसांनी भुगा व्हायला लागला तर त्याची गोष्ट अगदीच निराळी आहे, ती शेवटी.

हे वाचन पक्कं करायचं असेल तर एक बॅच मुद्दाम टप्प्याटप्प्याने थांबवा. काही नमुने फक्त वाळवून ठेवा, काही ६०० अंशांपर्यंत नेऊन काढा, बाकीचे पूर्ण भाजा. ६०० अंशांना भाजलेला नमुना खडूसारखा ठिसूळ असतो, चिमट्याने उचलताना मोडतो, म्हणून तो ज्या प्लेटवर आहे त्या प्लेटसकट मायक्रोस्कोपखाली न्या. तडा कोणत्या टप्प्यावर पहिल्यांदा दिसला हे कळलं की पुढचं काम निम्मं होतं. खूप जण हा टप्पा वेळ वाचवण्यासाठी गाळतात आणि महिनेच्या महिने भट्टीच्या वेगाशी खेळत बसतात.

पावडर: जिथून बराचसा त्रास सुरू होतो

लॅबमध्ये अवक्षेपण करून (द्रावणातून साका पाडून) बनवलेली एचए पावडर फार बारीक असते. तिचा विशिष्ट पृष्ठभाग ग्रॅममागे ६०-७० चौरस मीटरपर्यंत जाऊ शकतो. एवढा पृष्ठभाग ओला करायला पाणी जास्त लागतं, इंकमधलं घन पदार्थाचं प्रमाण खाली येतं, आणि वाळताना आकसणं वाढतं. काड्यांवर दिसणाऱ्या नकाशासारख्या तड्यांमागे बहुतेक वेळा हेच असतं. अशी पावडर आधी ८०० ते १००० अंशांना भाजून घ्यावी, मग बॉल मिलमध्ये दळून एक ते तीन मायक्रॉनच्या आसपास आणावी. भाजल्यावर कण थोडे मोठे आणि शांत होतात, कमी पाण्यात चांगली दाट इंक बनते. इंकमध्ये आकारमानाने ४० ते ५० टक्के पावडर बसली पाहिजे. ३० टक्क्यांवर अडकला असाल तर पुढच्या कुठल्याही उपायाचा फार उपयोग होणार नाही.

इथे वजनाचे आणि आकारमानाचे टक्के यांची गल्लत होते, म्हणून हिशेब मांडतो. एचएची घनता घनसेंटिमीटरला सुमारे ३.१६ ग्रॅम, बीटा-टीसीपीची ३.०७. आकारमानाने ४५ टक्के एचए म्हणजे १०० घनसेंटिमीटर इंकमध्ये सुमारे १४२ ग्रॅम पावडर, आणि उरलेले ५५ घनसेंटिमीटर पाणी व बाकी सगळं. वजनाने हे ७० टक्क्यांच्या वर जातं. कुणी 'आमची इंक ५० टक्क्यांची आहे' म्हणालं तर कुठले टक्के हे आधी विचारा.

डिस्परसंटबद्दल (कण सुटे ठेवणाऱ्या रसायनाबद्दल) एक गैरसमज पक्का बसलेला आहे की जास्त घातला तर इंक जास्त सरकेल. तसं होत नाही. कणांच्या पृष्ठभागावर जेवढा बसतो तेवढाच कामाचा, उरलेला पाण्यात मोकळा फिरतो आणि उलट कणांना एकत्र गोळा करायला मदत करतो. योग्य मात्रा शोधायला महागडं उपकरण लागत नाही. सारख्या आकाराच्या टेस्ट ट्यूबमध्ये पातळ सस्पेन्शन घ्या, प्रत्येकीत डिस्परसंट थोडा थोडा वाढवत जा, हलवून स्टँडवर ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी जिचं पाणी सर्वांत गढूळ आणि तळाचा साका सर्वांत दाट व कमी उंचीचा, ती मात्रा तुमच्या पावडरची. पावडरची नवी बॅच आली की ही चाचणी पुन्हा करायची. पुरवठादार तोच असला, लेबल तेच असलं, तरी दोन बॅच सारख्या निघतील याची खात्री नसते. आमच्याकडे एकदा चांगली चाललेली कृती अचानक बिघडली तेव्हा सगळा संशय प्रिंटरवर होता, आणि बदल झाला होता तो पावडरच्या पृष्ठभागात.

इंक आणि नोझल

दिवाळीत चकलीचं पीठ कोरडं झालं की सोऱ्यातून निघतानाच चकली तुटते आणि तिच्या कडेला बारीक दात पडतात. नोझलमधून निघणाऱ्या काडीला असेच दात दिसत असतील तर इंक कोरडी आहे किंवा दाब फार आहे. ते दात म्हणजे पुढच्या तड्यांच्या तयार सुरुवाती आहेत.

दुसरी खूण म्हणजे सुरुवातीला पाणचट थेंब येतात, मग दाब चढत जातो आणि नोझल चोक होतं. दाबाखाली पाणी कणांमधून गाळून पुढे निघून जातं आणि मागे कोरडी पावडर दाबली जाते. नोझल साफ करून किंवा दाब वाढवून हे सुटत नाही. पाणी धरून ठेवणारं जेल मजबूत करावं लागतं, नाहीतर कणांचे गोळे मोडावे लागतात. मिथाइलसेल्युलोज थोडा वाढवून बघा. प्लुरॉनिक एफ-१२७ वापरत असाल तर वजनाने २५ ते ३० टक्क्यांचं द्रावण फ्रिजमध्ये पातळ असतं आणि खोलीच्या तापमानाला जेल होतं. म्हणून पावडर थंडीत मिसळायची आणि प्रिंट करण्याआधी सिरिंज खोलीच्या तापमानाला स्थिरावू द्यायची. लॅबचा एसी जोरात असेल तर जेल सैल राहतं आणि खालच्या काड्या मधोमध झुकतात. मग लोक इंकला दोष देतात.

हवेचे बुडबुडे हा तिसरा प्रकार. प्रिंट चालू असताना बारीक 'टक्' आवाज येतो आणि काडी तिथे क्षणभर तुटते. तुटली नाही तरी बुडबुडा काडीच्या आत राहतो, आणि तडा नेमका तिथून निघतो. सिरिंज भरताना चमच्याने ढकलू नका, तळापासून भरत या. सेंट्रिफ्यूज असेल तर भरलेली सिरिंज काही मिनिटं कमी वेगाने फिरवा. जास्त फिरवली तर पावडर खाली बसेल, तेवढं सांभाळा.

थरांची उंची नोझलच्या व्यासाच्या ७० ते ८० टक्के ठेवावी. ४१० मायक्रॉनचं नोझल असेल तर थर ३०० ते ३२० मायक्रॉनचा. छिद्र मोठं दिसावं म्हणून उंची व्यासाएवढी ठेवली तर वरची काडी खालच्या काडीला फक्त शिवते, तिच्यात रुतत नाही. आडव्या तड्यांचं हे सर्वांत सामान्य कारण आहे. खात्री करायची असेल तर वाळलेला एक नमुना मधोमध कापा आणि गाठीचा छेद पाहा. दोन वर्तुळं एकमेकांत शिरलेली दिसली पाहिजेत. नुसती टेकलेली असतील तर भट्टीत ती सुटणारच.

मोठा नमुना असेल, एक थर टाकून नोझल परत त्याच जागी यायला बराच वेळ लागत असेल, तर खालची काडी तोवर वरून कोरडी पडते आणि नवी काडी तिला धरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पुण्यात हवा इतकी कोरडी असते की जुलैत चांगली चाललेली कृती तेव्हा हमखास आडवे तडे देते. प्रिंटरभोवती ॲक्रिलिकची पेटी आणि आत पाण्याची ओली स्पंज एवढ्यानेही फरक पडतो. काही लॅब पॅराफिन तेलाच्या बाथमध्ये प्रिंट करतात. तिथे वाळण्याचा प्रश्न प्रिंट होईपर्यंत उरत नाही, तेल निथळून काढल्यावर मात्र तो पुन्हा उभा राहतो.

वाळवणी: इथे सर्वांत जास्त नमुने जातात

वाळवणीला मी एवढी जागा देतो आहे, कारण लेखांमध्ये ती एका ओळीत संपते: 'नमुने खोलीच्या तापमानाला २४ तास वाळवले.' कुठल्या खोलीच्या, कुठल्या महिन्यात?

कणांमधलं पाणी उडून जायला लागलं की बारीक फटींमध्ये पाण्याच्या पृष्ठभागाला बाक येतो आणि त्या बाकामुळे कण एकमेकांकडे ओढले जातात. फटीची त्रिज्या ०.१ मायक्रॉन धरली तर पाण्यासाठी ही ओढ सुमारे १४ लाख पास्कल येते, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास १४ पट. सगळा नमुना एकाच वेळी सारखा आकसला तर ही ओढ काही बिघडवत नाही, उलट कण घट्ट बसवते. बिघडतं ते असमानतेने. वरच्या काड्या आधी वाळल्या, कडा मध्यापेक्षा आधी वाळल्या, तळ काचेला चिकटून राहिला, की ओल्या आणि कोरड्या भागाच्या सीमेवर ताण येतो. कच्च्या काडीत तो सहन करण्याची ताकद नसते.

म्हणून पहिला दिवस वाळवायचंच नाही अशा बेताने वाळवायचं. प्रिंट झाल्या झाल्या नमुना झाकणाच्या डब्यात ठेवा, आत ओला टिश्यू ठेवा, झाकण किंचित उघडं ठेवा. पंखा बंद, एसीचा झोत दुसरीकडे. दर काही तासांनी वजन करा आणि लिहून ठेवा. सुरुवातीला वजन सरळ रेषेत उतरतं आणि त्याच काळात नमुना आकसतो. मग उतरण मंदावते, रंग ओल्या करड्यावरून पांढऱ्याकडे जातो, कडेपासून पांढरेपणा आत सरकताना दिसतो. कण एकमेकांना टेकले, आकसणं जवळजवळ थांबलं. यानंतर झाकण काढलं, ४०-५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवला, तरी फारसा धोका नाही. धोका आधीच्या टप्प्यात असतो. पांढरेपणा एका बाजूने झपाट्याने येत असेल तर त्या बाजूला वारा लागतो आहे, डबा फिरवून ठेवा.

तळ सुटा राहणं तेवढंच महत्त्वाचं. काचेवर थेट प्रिंट करू नका. बटर पेपर, टेफ्लॉनची शीट किंवा तेलाचा पातळ हात दिलेली ॲल्युमिनाची प्लेट चालते. नमुना जरा धरला, हाताळण्याजोगा झाला, की पातळ ब्लेडने तळ अलगद सोडवा आणि जमल्यास उलटा करून ठेवा. कोपरे वर उचललेले दिसले तर समजा की वरची बाजू आधी आकसली आणि खालची अडली. तो नमुना भट्टीत टाकून बघू नका, त्यात तडा आधीच आहे.

मुंबईच्या पावसाळ्यात उलटा अनुभव येतो. आर्द्रता इतकी असते की नमुना दिवसचे दिवस वाळत नाही, आणि तो 'वाळला' समजून भट्टीत जातो. १०० अंशांना आतलं पाणी वाफ होऊन काड्या फोडतं. वजन स्थिर झालं की नाही हाच निकष, किती तास झाले हा नाही.

बाइंडर जाळणं

रोबोकास्टिंगच्या पाण्यावरच्या इंकमध्ये सेंद्रिय पदार्थ थोडेच असतात, त्यामुळे हा टप्पा एवढा कडक नाही. मिनिटाला एक अंशाने ४०० ते ६०० अंशांपर्यंत न्यावं, तिथे तासभर थांबावं, भट्टीचा धुराडा उघडा ठेवावा. प्लुरॉनिकवाल्या इंकमध्ये सेंद्रिय भाग जास्त असतो, तिथे २०० ते ३५० अंशांचा पल्ला आणखी हळू पार करावा. टीजीए (तापवत तापवत वजन मोजणारी चाचणी) करून वजन कुठे झपाट्याने उतरतं ते पाहिलं तर अंदाज करावा लागत नाही.

मोडलेल्या काडीचा गाभा करडा किंवा काळपट असेल तर कार्बन उरला, हवा कमी पडली. झाकलेल्या क्रुसिबलमध्ये भाजत असाल तर झाकण काढा. एचएला निळसर-हिरवट झाक येते ती मात्र कार्बनची नव्हे. पावडरमध्ये मँगॅनीजचा अगदी थोडा अंश असेल तर हवेत भाजताना तो ऑक्सिडाइज होऊन हा रंग देतो. त्याचा तड्यांशी संबंध नाही, पण पावडर किती शुद्ध आहे याची ती खूण आहे आणि शरीरात जाणाऱ्या वस्तूसाठी ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

डीएलपीमध्ये नमुन्याचं निम्म्याच्या आसपास आकारमान राळेचं असतं. तिथे एक अंशाचा वेगही फार होतो. ०.२ ते ०.५ अंश, मध्ये मध्ये थांबे, आणि जाड भाग शक्यतो टाळायचे. तिथे तड्याचं पहिलं संशयित डिबाइंडिंगच, म्हणजे बाइंडर जाळून काढणं.

सिंटरिंग, आणि टीसीपीचा ११२५ अंशांचा उंबरठा

एचए १२००-१२५० अंशांना चांगला घट्ट होतो. टीसीपी करणारे तोच प्रोग्रॅम वापरतात आणि फसतात. शुद्ध बीटा-टीसीपी सुमारे ११२५ अंशांना अल्फा रूपात जातो. बीटाची घनता ३.०७, अल्फाची २.८६, म्हणजे तेवढाच पदार्थ सात टक्क्यांच्या आसपास जास्त जागा मागतो. आकसत असलेल्या अंगात काही भाग असा फुगला की घट्ट होणं थांबतं आणि दाण्यांच्या सीमांवर बारीक तडे पसरतात. शिवाय अल्फा रूप शरीरात बीटापेक्षा लवकर विरघळतं, त्यामुळे नुसता तडा नव्हे, सगळा हिशेबच बदलतो.

यावर दोन मार्ग आहेत. एक, ११०० अंशांच्या आत राहायचं, जास्त वेळ थांबायचं, आणि घनता थोडी कमी मिळते हे मान्य करायचं. दोन, थोडं मॅग्नेशियम घालायचं. ते बीटा रूपाला स्थिर करतं आणि हा उंबरठा वर सरकवतं. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सुष्मिता बोस आणि अमित बंदोपाध्याय यांच्या गटाने मॅग्नेशियम आणि स्ट्रॉन्शियम घातलेल्या टीसीपीच्या प्रिंट केलेल्या स्कॅफोल्डवर बरंच काम केलं आहे, ते वाचण्यासारखं आहे.

एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरूप ओळखणारी चाचणी) करून घ्या. तांब्याच्या क्ष-किरण नळीवर बीटा-टीसीपीचं मुख्य शिखर ३१.० अंशांजवळ, अल्फाचं ३०.७ जवळ, एचएचं ३१.८ जवळ येतं. शिखरं इतकी जवळ असतात की घाईत घेतलेल्या स्कॅनमध्ये मिसळून जातात. म्हणून त्या भागाचा स्कॅन सावकाश घ्या.

डिस्प्लेवर ११०० दिसतं म्हणजे नमुना ११०० ला आहे असं धरू नका. थर्मोकपल भट्टीच्या मागच्या भिंतीजवळ असतं, नमुना मधल्या प्लेटवर किंवा हीटरला खेटून असतो, आणि थर्मोकपल जुनं होत जातं तसं चुकीचं सांगायला लागतं. उंबरठा जेमतेम २५ अंश दूर असताना एवढी चूक पुरेशी आहे. सिरॅमिकच्या आकसणाऱ्या तापमान-रिंग मिळतात. नमुन्याशेजारी ठेवायच्या आणि नंतर व्यास मोजायचा. एकाच बॅचमधले मागचे नमुने तडकतात आणि पुढचे चांगले निघतात असं होत असेल तर हे आधी तपासा.

कच्चा नमुना ५२ टक्के घन असेल आणि भाजून ९५ टक्के झाला तर तो प्रत्येक बाजूने सुमारे १८ टक्के आकसतो. २० मिलिमीटरची बाजू साडेसोळाच्या खाली येते. तेवढं अंतर तळाला प्लेटवर घसरत जावं लागतं. ॲल्युमिनाच्या प्लेटवर जाड दाण्याची ॲल्युमिना पावडर भुरभुरवा, किंवा त्याच इंकची पातळ चकती प्रिंट करून नमुन्याखाली ठेवा. ती नमुन्याबरोबरच आकसते आणि घर्षण स्वतःवर घेते. तळाकडे रुंद होणारे तडे या एका उपायाने बऱ्याचदा जातात.

धारदार कडांचे तडे असतील तर थंड करण्याचा वेग मिनिटाला तीन अंशांवर आणा आणि २०० अंशांच्या वर दार उघडू नका. लाइट गेल्यावर भट्टी किती अंशांवरून आपोआप थंड झाली हे नोंदणाऱ्या कंट्रोलरचा लॉग तपासा. आपल्याकडे रात्रीच्या प्रोग्रॅममध्ये हे घडतं, सकाळी भट्टी गार असते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

चांगला निघाला आणि मग डबीत फुटला

एचएचं कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर १.६७ असतं. पावडर बनवताना कॅल्शियम जास्त झालं तर भाजल्यावर ते कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना होऊन दाण्यांमध्ये बसतं. भट्टीतून नमुना सुंदर निघतो. मग हवेतली दमट ओल तो चुना शोषतो, त्याचं हायड्रॉक्साइड होतं, आणि त्याचं आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. आतून पाचर मारल्यासारखे तडे जातात. जूनमध्ये भाजलेले नमुने ऑगस्टमध्ये भुगा झालेले दिसतात ते यामुळे.

तपासणी सोपी आहे. भाजलेल्या नमुन्याचा तुकडा कुटा, पाण्याने ओला करा, वर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गुलाबी झालं तर चुना आहे. एक्सआरडीमध्ये ३७.४ अंशांजवळ शिखर दिसतं, पण प्रमाण थोडं असेल तर थेंबच आधी सांगतो. उपाय भट्टीत नाही. पावडरचं गुणोत्तर दुरुस्त करावं लागतं, किंवा दुसरी पावडर घ्यावी लागते. अशा नमुन्यावर पेशींची चाचणी करू नका. चुन्यामुळे पीएच चढतो, पेशी मरतात, आणि साहित्यच विषारी आहे असा खोटा निष्कर्ष निघतो.

एवढा खटाटोप का

दात काढल्यावर जबड्याचं हाड तिथे झिजत जातं. इम्प्लांट बसवायला हाड उरलेलं नसेल तर तिथे आधार देऊन हाड वाढवावं लागतं. छिद्रं ३०० मायक्रॉनच्या वर आणि एकमेकांशी जोडलेली असली की रक्तवाहिन्या आत शिरतात, हाड धरतं. स्पंजी हाडाची दाबाखालची ताकद २ ते १२ मेगापास्कल असते, आणि चांगला स्कॅफोल्ड तिथवर पोचतो. पण सिरॅमिकची ताकद त्यातला सर्वांत मोठा तडा ठरवतो. दहापैकी नऊ नमुने २० मेगापास्कल सोसतात आणि दहावा दोनला मोडतो, तेव्हा सरासरीला अर्थ राहत नाही, कारण सर्जनच्या हातात कुठला येईल हे कुणाला माहीत नसतं. स्क्रू घट्ट करताना तो दहावा हिरडीखाली चुरला तर तुकडे वेचत बसावं लागतं ते रुग्णाच्या तोंडात.

म्हणून दाबाच्या चाचणीत लवकर मोडलेले नमुने 'हाताळणीत खराब झाले' म्हणून यादीतून काढू नका. त्यांचे तुकडे लेबल लावून ठेवा, मोड कुठून सुरू झाली ते बघा. बहुतेक वेळा तिथे गोलसर कडेचा जुना तडा सापडेल.

जे नमुने तडकले पण एक्सआरडी स्वच्छ आहे, फिनॉल्फ्थॅलिनला गुलाबी होत नाहीत, ते फेकू नका. खलात फोडून चाळणीने अर्धा ते एक मिलिमीटरचे दाणे वेगळे करा, अल्ट्रासॉनिक बाथमध्ये धुऊन बारीक धूळ काढा आणि वाळवा. विरघळण्याच्या चाचण्या, प्रथिन चिकटण्याच्या चाचण्या, दंतखड्डा भरण्याचे लॅबमधले प्रयोग यांना दाणेच लागतात. त्यासाठी वेगळी बॅच भाजायची गरज पडत नाही.